जुन्या संगणकाला नवा वेग

(शिक्षक, पालक व विद्यार्थी यांच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी आपल्यापुढे एक असा विषय मांडणार आहे, की जो ऐकून काहींच्या ओठांवर हसू येईल. चाळीस वर्षांहून अधिक जुना असा एक संगणक घ्यायचा, आणि त्याचा वेग व त्याची मेमरी वाढविणारा एक लहानसा बोर्ड घरच्या घरी आखून तयार करायचा, असा हा विषय आहे. कोणी विचारील, हा उद्योग कशासाठी? बाजारात मिळणारा साधा मोबाइल त्या यंत्राहून हजारो पटींनी वेगवान आहे. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी शेवटी देईन. तोपर्यंत आपण यंत्राचे झाकण उघडून आत काय आहे ते पाहू.

यंत्राचे नाव बीबीसी मायक्रो. इंग्लंडमधील केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीने ते १९८१ च्या डिसेंबरात बाजारात आणले. ब्रिटिश नभोवाणी संस्थेने सामान्य जनतेला संगणक शिकविण्याची मोहीम हाती घेतली होती, तिच्यासाठी हे यंत्र निवडले गेले. आपल्या देशाशीही त्याचे नाते आहे. १९८४-८५ साली भारत सरकारने शाळांतून संगणक-साक्षरतेची 'क्लास' योजना सुरू केली, तेव्हा शाळांना जे संगणक दिले गेले ते बीबीसी मायक्रोच होत. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या कारखान्यानेही परवाना घेऊन ते बनविले. तेव्हा भारतातील शालेय संगणक-शिक्षणाचा श्रीगणेशा म्हणा, बिस्मिल्ला म्हणा, या यंत्रावर झाला आहे.

या यंत्राचा मेंदू म्हणजे ६५०२ए नावाचा ४० पायांचा प्रोसेसर. त्याचे क्लॉक २ मेगाहर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला २० लाख ठोके. एक ठोका ५०० नॅनोसेकंदांचा. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. हा प्रोसेसर एकूण ६५,५३६ पत्ते ओळखतो आणि प्रत्येक पत्त्यावर एक बाइट राहतो. शून्यापासून ३२,७६७ पर्यंत ३२ किलोबाइटची मेमरी. ३२,७६८ पासून ४९,१५१ पर्यंतच्या १६ किलोबाइटच्या खिडकीत बेसिक भाषेचा किंवा डिस्कचा रॉम दिसतो. त्याच्या वर अखेरपर्यंत यंत्राची ऑपरेटिंग सिस्टीम असते. तिच्यातच ६४,५१२ ते ६५,२७९ ही ७६८ पत्त्यांची पट्टी राखून ठेवलेली आहे. कळफलक, डिस्क, प्रिंटर, आवाज या साऱ्यांशी बोलणे या पट्टीतून चालते.

आता या घरातील दारिद्र्य पाहा. पडद्यावर उत्तम प्रतीचे चित्र हवे असेल तर २० किलोबाइट मेमरी पडदाच खाऊन टाकतो. तिची सुरुवात १२,२८८ या पत्त्यापासून होते. डिस्क वापरात असेल तर खालचे ६,४०० बाइट यंत्र स्वतःच्या कामासाठी ठेवते. उरले किती? १२,२८८ वजा ६,४००, म्हणजे ५,८८८ बाइट. एवढ्या जागेत विद्यार्थ्याने आपला कार्यक्रम लिहायचा. छापील पुस्तकाची चार-पाच पाने भरतील एवढाच तो मजकूर. म्हणून नुसता वेग वाढवून भागत नाही. जागाही वाढवावी लागते. त्यामुळे वेग आणि मेमरी या दोन्ही गोष्टी एकाच बोर्डावर आणावयाच्या आहेत.

पहिला विचार कोणाच्याही मनात येतो तो असा, की क्लॉक जोरात पळवा म्हणजे झाले. परंतु तसे होत नाही. या यंत्रातील मेमरी सेकंदाला ४० लाख वेळा उत्तर देते. त्यातली एकाआड एक पाळी प्रोसेसरची आणि मधली पाळी पडद्यावर चित्र काढणाऱ्या सर्किटची. दोघे एकाच विहिरीवर आळीपाळीने पाणी भरतात, म्हणून भांडण होत नाही. ही त्या आखणीची मोठी खुबी आहे. पण तुम्ही एकाचा हात चौपट वेगाने चालविलात तर दुसऱ्याची पाळी मोडेल आणि पडद्यावरचे चित्र फुटेल. शिवाय कळफलक व टायमर सांभाळणाऱ्या काही चिपा तर १ मेगाहर्ट्झवरच चालतात. त्यांच्याशी बोलताना मूळ प्रोसेसरलाही थांबावे लागते, आणि यंत्र त्याचा ठोका लांबवून देते.

तेव्हा मार्ग एकच. प्रोसेसरला त्याची स्वतःची वेगळी विहीर खणून द्यायची. जुना प्रोसेसर सॉकेटमधून काढायचा आणि त्या जागी आपला बोर्ड बसवायचा. बोर्डावर नवा वेगवान प्रोसेसर, त्याच्या शेजारी वेगवान मेमरी, आणि कोणत्या पत्त्यासाठी कोठे जायचे हे ठरविणारी एक प्रोग्रॅम करता येणारी लॉजिक चिप, एवढाच संसार. जेथे शक्य तेथे आपल्या विहिरीवर धाव घ्यायची, आणि जेथे जुन्या बोर्डाशी काम पडेल तेथे अदबीने थांबायचे.

प्रोसेसर म्हणून वेस्टर्न डिझाइन सेंटर या अमेरिकन कंपनीचा डब्ल्यू६५सी०२एस घ्यावा. तो ६५०२ च्याच घराण्यातला असून आजही नवा तयार होतो, आणि ५ व्होल्टवर १४ मेगाहर्ट्झपर्यंत चालण्याची त्याची हमी आहे. त्याचा आणखी एक गुण असा, की त्याचे क्लॉक हवे तेव्हा थांबविता येते आणि थांबविले तरी त्याच्या पोटातील काही नाहीसे होत नाही.

परंतु येथे माहितीपत्रक नीट वाचणे प्राप्त आहे. दोन्ही चिपा ४० पायांच्या, दिसायला सख्ख्या बहिणी. पण जुन्या ६५०२ चा १ क्रमांकाचा पाय जमिनीला म्हणजे ग्राउंडला जोडलेला असतो. नव्या चिपेचा तोच पाय संदेश बाहेर पाठविणारा आहे. नवी चिप तशीच जुन्या सॉकेटमध्ये बसविली तर तो संदेश सरळ जमिनीत जाऊन चिपेवर ताण येतो. दुसरे असे, की नव्या चिपेला 'एक' हा अंक समजण्यासाठी पुरवठ्याच्या सात दशांश, म्हणजे ३.५ व्होल्ट दाब लागतो. जुन्या बोर्डावरील चिपा २.४ व्होल्टचीच हमी देतात. म्हणून मध्ये एचसीटी जातीचे बफर घालावेत. ते जुन्या चिपांची भाषा ऐकतात आणि पूर्ण दाबाने पुढे सांगतात. अशा दुभाष्याविना बोर्ड कधी चालेल, कधी अडेल, आणि दोष कोठे आहे हे कळता कळणार नाही.

आता मेमरी किती जलद हवी? हे गणित आठवीच्या मुलालाही करता येईल. क्लॉक ८ मेगाहर्ट्झचे ठेवले तर एक ठोका १२५ नॅनोसेकंदांचा. त्यातले पहिले ३० प्रोसेसर पत्ता बाहेर काढण्यात घालवितो. शेवटचे १० त्याला आलेला बाइट स्थिर स्वरूपात हवा असतो. उरले ८५. लॉजिक चिपेला निवाडा करावयास १५ द्या. राहिले ७०. बाजारात सहज मिळणारी ५५ नॅनोसेकंदांची स्टॅटिक मेमरी येथे खुशाल चालते. पण हाव धरून १४ मेगाहर्ट्झवर गेलात तर ठोका जेमतेम ७१ चा. त्यातून ३०, १० आणि १५ वजा जाता १६ उरतात. तेथे १५ किंवा १० नॅनोसेकंदांचीच मेमरी हवी आणि बोर्डावरील तारांची लांबीही मोजूनमापून ठेवावी लागते. पहिल्या प्रयत्नाला ८ पुरे.

मेमरीची एकच १२८ किलोबाइटची चिप घ्या. तिची वाटणी अशी करता येते: ३२ किलोबाइट मुख्य मेमरीसाठी, १६ ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रतीसाठी. उरलेल्या ८० किलोबाइटचे १६-१६ चे पाच कप्पे होतात. एकात बेसिकची प्रत, एकात डिस्कच्या रॉमची, आणि तीन कप्पे मोकळे. खिडकीत कोणता कप्पा दिसावा हे यंत्र ६५,०७२ या पत्त्यावर क्रमांक लिहून ठरविते. आपल्या लॉजिक चिपेने त्या पत्त्यावर कान ठेवायचा आणि तोच क्रमांक आपल्याकडेही टिपून घ्यायचा.

रॉमची प्रत काढण्याची युक्ती मोठी सुरेख आहे. यंत्र सुरू होताच वाचन जुन्या रॉममधून होते, पण त्याच पत्त्यावर लिहिले तर ते आपल्या मेमरीत पडते. म्हणून एक छोटा कार्यक्रम प्रत्येक पत्ता वाचतो आणि तेथेच पुन्हा लिहितो. राखीव ७६८ पत्ते तेवढे वगळायचे. सारे उतरून झाले की एक कळ फिरवायची. यापुढे वाचन आपल्या मेमरीतून, आणि लिहिण्यास मनाई. हाफिज झालेल्या मुलाला पानाकडे पाहावे लागत नाही, तसे यंत्राला आता जुन्या रॉमकडे जावे लागत नाही.

पडद्याचे काय? चित्र काढणारे सर्किट जुन्या बोर्डावरील मेमरीच वाचते. आपली नवी मेमरी त्याला दिसतच नाही. म्हणून पहिल्या टप्प्यात असे करावे, की १२,२८८ ते ३२,७६७ या भागात प्रोसेसर जे लिहील ते दोन्हीकडे लिहिले जावे. वाचताना मात्र आपलीच प्रत वाचावी. वाचन जलद, लेखन जुन्या चालीने.

दुसऱ्या टप्प्यात पडदा आणि कार्यक्रम यांची घरे वेगळी करता येतात. जुन्या बोर्डावरील २० किलोबाइट निव्वळ पडद्यासाठी सोडायचे आणि त्याच पत्त्यांवरची आपली नवी मेमरी कार्यक्रमाला द्यायची. पण पत्ता एकच असताना कोण कोणाकडे चालला आहे हे ओळखायचे कसे? प्रोसेसरला 'सिंक' नावाचा एक पाय आहे. नवा हुकूम वाचताना तो वर जातो. पडद्यावर अक्षरे उमटविणारे हुकूम ऑपरेटिंग सिस्टीमच्या ४९,१५२ ते ५७,३४३ या भागात आहेत. सिंक वर असताना पत्ता या भागातला असेल तर समजावे की पडद्याचे काम चालू आहे, आणि जुन्या बोर्डाकडे जावे. नसेल तर आपल्या मेमरीकडे. एवढी मोठी समस्या, आणि ती सोडविण्यास एक बिट लक्षात ठेवणारे एक फ्लिपफ्लॉप व काही गेट पुरतात. एकॉर्न कंपनीने १९८५ च्या बी प्लस या यंत्रात हाच मार्ग पत्करला होता. मग एका छोट्या रॉमने बेसिकला एवढेच सांगायचे, की मेमरीचे टोक आता ३२,७६८ ला आहे. ज्या विद्यार्थ्याला ५,८८८ बाइट मिळत होते त्याला २६,३६८ मिळतात. जे खेळ पडद्याच्या मेमरीत थेट लिहितात ते या पद्धतीत दिसेनासे होतात, म्हणून ही सोय बंद करण्यास एक बटण ठेवावे.

आता थांबण्याची कला. कळफलक, टायमर, डिस्क यांच्याशी बोलताना आपल्या प्रोसेसरचे क्लॉक थांबवून जुन्या बोर्डाच्या ठोक्याची वाट पाहिली पाहिजे. दोन क्लॉक स्वतंत्र असतील तर एकाचा संदेश दुसऱ्याकडे नेमका ऐन बदलाच्या क्षणी पोहोचतो आणि तो धड शून्यही नाही, धड एकही नाही, अशा स्थितीत लोंबकळतो. त्यावर उपाय म्हणजे तो संदेश लागोपाठ दोन फ्लिपफ्लॉपांतून न्यावा. त्याहून बरा उपाय असा: मुख्य बोर्डावर १६ मेगाहर्ट्झचा स्फटिक आहे. तेथून एक तार आणून तिचे निम्मे करावे, म्हणजे ८ मेगाहर्ट्झ मिळतात. दोन्हीकडचे ठोके एकाच उगमातून आले की त्यांची पावलेही बरोबर पडतात.

मित्रहो, एवढे करून यंत्र चौपट वेगवान झाले काय? नाही. येथे मी आपले लक्ष मुद्दाम वेधतो. समजा, एखाद्या कामात १०० ठोके लागत होते. त्यातले ९० आपल्या जलद मेमरीवर गेले, ते चौपट वेगाने साडेबावीस ठोक्यांच्या वेळात उरकले. उरलेले १० जुन्याच चालीचे. एकूण साडेबत्तीस. म्हणजे वेग सुमारे तिप्पट. आणि जुन्या चालीचे ठोके ३० असतील तर? सत्तरांचे साडेसतरा, अधिक ३०, एकूण साडेसत्तेचाळीस. वेग दुपटीहून थोडासाच अधिक. या दुसऱ्या उदाहरणात प्रोसेसर कितीही वेगवान आणा, अगदी अनंत वेगाचा आणा, ते ३० ठोके तसेच राहतात आणि सुमारे ३.३३ पटींपलीकडे मजल जात नाही. जो मागे राहतो तोच साऱ्यांचा वेग ठरवितो. हे गणित संगणकाचे आहे, पण शाळेच्या आणि समाजाच्या कारभाऱ्यांनीही ते मनाशी करून पाहावे.

प्रत्यक्ष बांधणीचा क्रम सांगतो. प्रारंभी वीजपुरवठ्याचा भाग. या यंत्रांच्या पुरवठ्यात रिफा जातीचे, पारदर्शक वेष्टनाचे कपॅसिटर असतात. वयोमानाने वेष्टनाला चिरा पडतात, ओल आत शिरते, आणि यंत्र सुरू करताच धूर निघतो. ते आधी बदलावेत. हे काम घरगुती विजेशी निगडित आहे, म्हणून जाणत्या माणसाच्या देखरेखीखेरीज विद्यार्थ्याने त्याला हात लावू नये. मग बोर्ड. प्रत्येक चिपेच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि शक्य असेल तर बोर्डाचा एक संपूर्ण थर ग्राउंडसाठी. पहिली चाचणी नव्या प्रोसेसरची, पण जुन्याच २ मेगाहर्ट्झवर. ती उतरली की नवी मेमरी जोडावी, आणि प्रत्येक बाइटमध्ये एकाआड एक शून्य-एक, मग उलट एक-शून्य लिहून परत वाचून पाहावे. हे सारे निर्वेध झाले म्हणजे मगच क्लॉक वाढवावे. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाची वहीत नोंद. यंत्राचे घड्याळ टायमर चिपेवर चालते, म्हणून वेळ बरोबरच राहील. परंतु ज्या कार्यक्रमांत नुसते आकडे मोजून वेळ काढला आहे ते घाईने पळतील. तसेच जुन्या ६५०२ चे काही अघोषित हुकूम नव्यात नाहीत, तेव्हा ते वापरणारे जुने खेळ अडतील. हेही नोंदवून ठेवावे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळतो. हा उद्योग कशासाठी?

पहिले उत्तर असे, की हे यंत्र माणसाच्या डोक्यात पूर्णपणे मावते. त्याचे पत्ते, त्याचे सर्किट, त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमची दारे, सारे काही छापून प्रसिद्ध झालेले होते. बनविणाऱ्यांनी झाकण उघडे ठेवले, म्हणून चाळीस वर्षांनंतर आपण त्यात भर घालू शकतो. या यंत्राला दुसरा प्रोसेसर जोडण्यासाठी 'ट्यूब' नावाचे एक दार मुळातच ठेवले होते. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखलेला एआरएम हा नवा प्रोसेसर २६ एप्रिल १९८५ रोजी प्रथम चालला. त्याची जडणघडण याच बीबीसी मायक्रोच्या साहाय्याने झाली होती. आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये त्याच घराण्याचा प्रोसेसर आहे. उघड्या ठेवलेल्या एका दारातून केवढे जग बाहेर पडले, पाहा.

आपल्या परंपरेतही ही गोष्ट आहे. दियारबकरच्या दरबारातील अल-जझरी यांनी १२०६ साली आपला यंत्रांवरील ग्रंथ पुरा केला. जलघड्याळे, पाणी उपसण्याची यंत्रे त्यांनी बनविली, आणि दुसऱ्या कारागिराला ती पाहून बनविता यावीत अशा बेताने आकृत्यांसह लिहूनही ठेवली. त्यांच्या ठायी हुनर आणि किताब एकत्र नांदत होते.

आणि हेच माझे दुसरे उत्तर आहे. आपल्या वस्त्यांत हुनराची वाण नाही. गॅरेजमधला पंधरा वर्षांचा मुलगा इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगतो. मोबाइल दुरुस्त करणारा तरुण भिंगाखाली तांदळाच्या कणीहून बारीक भाग जोडतो. आपल्या भगिनींची बोटे जरीच्या कामात किती सफाईने चालतात हे मी सांगायला नको. परंतु हा मुलगा माहितीपत्रक वाचीत नाही, कारण त्याची शाळा सुटलेली असते. आणि जो शाळेत राहिला तो सोल्डरिंगची कावी हातात धरीत नाही, कारण ते आपले काम नव्हे असे त्याला शिकविले गेलेले असते. एक हात घेऊन बसला आहे, दुसरा पुस्तक घेऊन. दोघांमध्ये दुभाषी बफर कोणी घालायचा? मी ज्या बोर्डाचे वर्णन केले तो निव्वळ हाताने होत नाही, कारण पहिल्या पायाची गोष्ट पुस्तकात आहे. तो निव्वळ पुस्तकानेही होत नाही, कारण कच्चा सोल्डर पुस्तकात दिसत नाही. तो बनविताना दोघांना एकाच बाकावर बसावे लागते.

म्हणून सोसायटीच्या कार्यकारी मंडळापुढे माझी नम्र सूचना आहे. शाळेच्या अडगळीत पडलेली जुनी यंत्रे भंगारात घालण्यापूर्वी एकदा तपासावीत. बीबीसी मायक्रोच हवा असे नाही. ज्याचे सर्किट छापलेले आहे असे कोणतेही जुने यंत्र चालेल. एक खोली, एक बाक, एक ऑसिलोस्कोप, आणि संध्याकाळचे दोन तास द्यावेत. त्या खोलीत नववीच्या मुलामुलींबरोबर शाळा सोडलेल्या मुलांनाही यावयास मुभा असावी. फी घेऊ नये. वहीत नोंद ठेवण्याची अट मात्र अवश्य घालावी.

वर्षअखेर त्या खोलीतून एखादा बोर्ड निघेल, कदाचित चालेल, कदाचित पुढच्या वर्षी चालेल. पण ज्या मुलाने १२५ मधून ३० आणि १० वजा करून आपल्या हाताने जोडलेली मेमरी चालती केली, तो पुढे कोणत्याही यंत्रासमोर हात जोडून उभा राहणार नाही. झाकण उघडून आत पाहील.